पगारपत्रकांतील एक ओळ

आपल्या घरांत कोणी नोकरी करीत असेल, तर त्याच्या पगारपत्रकावर वजावटीच्या रकान्यांत एक लहानशी ओळ असते : व्यवसाय कर, रुपये २००. फेब्रुवारी महिन्यांत तीच ओळ ३०० रुपयांची होते, आणि वर्षाची बेरीज २,५०० भरते. भविष्यनिर्वाह निधि आणि आयकर ह्यांच्या मोठ्या रकमांशेजारीं ही ओळ इतकी किरकोळ दिसते कीं तिच्याकडे कोणी लक्ष देत नाहीं. हा कर कशासाठीं, असें विचारलें तर दहांपैकीं नऊ जणांना सांगतां यावयाचें नाहीं. आज मी आपणांस ह्या एका ओळीची हकीकत सांगणार आहें. महाराष्ट्रांत ती १९७५ सालीं कां जन्मास आली, तिच्यांतून कोणाच्या चुलीवर भाकरी चढली, आणि पुढें तिची काय अवस्था झाली, हें पाहिलें म्हणजे सरकारी कर व सरकारी खर्च ह्यांचा गरिबी-श्रीमंतीशीं काय संबंध असतो, हा एरवीं रुक्ष वाटणारा प्रश्न आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोहोंचतो.

आरंभींच दोन शब्द वेगळे करून घेऊं. विषमता ही एक गोष्ट आणि दारिद्र्य ही दुसरी. समाजांतील वरच्या व खालच्या माणसांत अंतर किती, हा विषमतेचा प्रश्न. आणि खालच्या माणसाला पोटभर अन्न, अंगभर वस्त्र व आजारांत औषध मिळतें कीं नाहीं, हा दारिद्र्याचा प्रश्न. सामान्य बोलण्यांत आपण हे दोन्ही प्रश्न एकच मानतों, आणि एक सुटला कीं दुसरा आपोआप सुटेल असें समजतों. तसें होतेंच असें नाहीं.

एक काल्पनिक वस्ती घ्या. तींत तीनच घरें. पहिल्याचें दरमहा उत्पन्न १,००,००० रुपये, दुसऱ्याचें २०,०००, तिसऱ्याचें ६,०००. आणि असें धरा कीं ६,००० रुपयांत घरसंसार जेमतेम भागतो. त्याखालीं गेल्यास उपास पडावयाचे. आतां सरकार येतें. पहिल्या घराकडून तें २०,००० रुपये घेतें, दुसऱ्याकडून २,००० आणि तिसऱ्याकडून ६००. तिसऱ्या घरीं कोणी वसुलीस जात नाहीं. हे ६०० रुपये साबण, तेल, चपला, कापड आणि औषध ह्यांच्या किंमतींतून नकळत जातात. मग सरकार दुसरा हात पुढें करतें आणि तिसऱ्या घराला २०० रुपये रोख साहाय्य देतें. उरलेल्या पैशांतून शाळा, रस्ते, दिवे आणि कचेऱ्या चालतात. आतां हिशेब करा. पूर्वीं पहिल्या घराचें उत्पन्न तिसऱ्याच्या साडेसोळा पटींहून अधिक होतें. आतां एकाकडे ८०,००० उरले आणि दुसऱ्याकडे ५,६००. म्हणजे अंतर सुमारे चौदा पटींवर आलें. विषमता घटली, हें अहवालांत अभिमानानें छापतां येईल. पण जें घर काल कसेंबसें उभें होतें, तें आज ४०० रुपयांनीं खालीं गेलें. विषमता घटली आणि दारिद्र्य वाढलें. दोन्ही गोष्टी एकाच कारभारानें, एकाच महिन्यांत.

हें केवळ कागदावरचें गणित नव्हे. अमेरिकेंतील टुलेन विद्यापीठांत प्राध्यापिका नोरा लस्टिग ह्यांनीं अनेक देशांतील कर व खर्च ह्यांचा ताळेबंद एकत्र मांडून तपासण्याचें मोठें काम चालविलें. त्यांत इथिओपिया व टांझानिया ह्यांसारख्या देशांत हाच प्रकार आढळून आला : सरकारच्या कारभारानें विषमता कमी झाली, पण रोख उत्पन्नाच्या हिशेबानें दरिद्री माणसांची संख्या वाढली. शाळा आणि दवाखाने ह्यांचें मोल कमी आहे, असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु शाळेची इमारत चुलीवर शिजवितां येत नाहीं. तिचें फळ पुढच्या पिढीला मिळावयाचें, आणि साबणावरचा कर मात्र आजच द्यावा लागतो.

तेव्हां कोणत्याही राजवटीची परीक्षा घेतांना दोन्ही हात एकदम पाहावे लागतात : घेणारा हात आणि देणारा हात. एकाच हाताकडे पाहून निर्णय करणें ही आपल्याकडची फार जुनी चूक आहे, आणि ती प्रथम स्पष्टपणें दाखविणारांत एक पुणेकर गृहस्थ अग्रेसर होते.

२६ मार्च १९०२ रोजीं गोपाळ कृष्ण गोखले हे व्हाइसरॉयच्या कायदेमंडळांत अंदाजपत्रकावर प्रथमच बोलावयास उभे राहिले. देशानें नुकतेच दोन भयंकर दुष्काळ पाहिले होते. आणि तरीही सरकारी तिजोरींत दरसाल शिल्लक पडत होती. ही शिल्लक भरभराटीची खूण आहे, असें सरकारचें म्हणणें. गोखल्यांनीं आंकडे मांडून दाखविलें कीं ती भरभराटीची नसून जरुरीपेक्षां अधिक कर घेतल्याची खूण आहे. त्या वेळीं मिठावर मणामागें अडीच रुपये कर होता. मीठ श्रीमंताला जितकें लागतें तितकेंच गरिबाला लागतें; किंबहुना ज्याच्या भाकरीबरोबर मीठमिरचीशिवाय दुसरें कांहीं नसतें, त्याला तें अधिकच लागतें. म्हणून मिठावरचा कर हा दिसावयास सर्वांवर सारखा, पण वस्तुतः गरिबाच्या मिळकतीचा मोठा हिस्सा खाणारा. पुढें १९०३ सालीं हा कर दोन रुपयांवर आला, १९०५ सालीं दीड रुपयावर आणि १९०७ सालीं एका रुपयावर. १९०३ सालींच आयकराची माफीची मर्यादा ५०० रुपयांवरून १,००० वर गेली.

पण गोखले येथेंच थांबले नाहींत, हा त्यांचा विशेष. घेणारा हात आंखडा एवढेंच न सांगतां, देणारा हात कोठें जावा हेंही त्यांनीं सांगितलें. शिल्लक पैसा प्राथमिक शिक्षणाकडे वळवा, असा त्यांनीं आग्रह धरला, आणि १९११ सालीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें विधेयक मांडलें. १९१२ सालीं तें १३ विरुद्ध ३८ मतांनीं फेटाळलें गेलें. मिठाचा कर उतरला, पण शाळा उघडल्या नाहींत. एक हात सुधारला, दुसरा होता तेथेंच राहिला.

"गरीब लोक कर भरीत नाहींत, कर आम्ही भरतों," हें वाक्य आपल्या शहरी बैठकींत नेहमीं ऐकूं येतें. तें मिठाच्या कराच्या काळींही खोटें होतें आणि आजही खोटें आहे. मिठावरचा तो कर १९४७ सालीं गेला. परंतु १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर आला. ऊसतोडीला गेलेला मजूर गांवीं राहिलेल्या आईशीं बोलण्यासाठीं मोबाइलचें रिचार्ज करतो, तेव्हां त्यावर शेंकडा १८ कर भरतो. मोठ्या कंपनीचा संचालकही तितकाच दर भरतो. अंगाचा साबण व केसांचें तेल ह्यांवर २०१७ पासून शेंकडा १८ कर होता. तो सप्टेंबर २०२५ मध्यें शेंकडा ५ वर आला. ह्या सवलतीचा फायदा दुकानाच्या गल्ल्यांत न अडकतां खालपर्यंत पोहोंचला, तर गरीब घराला ती कोणत्याही भाषणापेक्षां अधिक उपयोगी पडेल.

आतां दुसऱ्या टोकाची चूक पाहूं. स्वातंत्र्यानंतर आपण घेणारा हात श्रीमंतांकडे वळविला. १९५३ सालीं मृताच्या मालमत्तेवर कर आला, १९५७ सालीं संपत्तीवर आला, आणि १९७३-७४ सालीं आयकराचा सर्वांत वरचा दर अधिभार धरून शेंकडा पावणेअठ्ठ्याण्णव झाला. म्हणजे दोन लाखांवरच्या प्रत्येक शंभर रुपयांतून मालकाजवळ सव्वादोन रुपये उरावयाचे! कागदावर ह्याहून अधिक समता आणणें शक्य नव्हतें. प्रत्यक्षांत काय झालें? वांछू समितीनें १९७१ सालींच इशारा दिला होता कीं असले दर कर चुकविण्यास उत्तेजन देतात. पैसा लपला, दर पुढें उतरवावे लागले. मृताच्या मालमत्तेवरचा कर १९८५ सालीं आणि संपत्तीवरचा २०१५ सालीं रद्द झाला. श्रीमंताकडून घेतलें, एवढ्यानें गरिबाला मिळत नाहीं. मध्यें तिजोरी असते, आणि तिजोरीला अनेक दारें असतात.

मग घेणारा हात आणि देणारा हात ह्यांना एकाच दोरीनें बांधतां येईल काय? अमुक एका कामासाठीं अमुक लोकांकडून पैसा घ्यावा आणि तो त्याच कामाला लावावा, असें करतां येईल काय? ह्या प्रश्नाचें उत्तर महाराष्ट्रानें दिलें, आणि तें उत्तर म्हणजेच आपल्या पगारपत्रकांतील ती ओळ.

१९७१ सालीं पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ ह्यांनीं भारतांतील दारिद्र्यावर आपला सुप्रसिद्ध निबंध प्रसिद्ध केला. १९६०-६१ च्या भावांनीं खेड्यांत माणशीं दरमहा १५ रुपये आणि शहरांत साडेबावीस रुपये, एवढा किमान खर्च त्यांनीं धरला. त्या हिशेबानें खेड्यांतील शेंकडा ४० आणि शहरांतील शेंकडा ५० लोक त्या रेषेखालीं होते. त्यांनीं सुचविलेला उपाय साधा होता : जो काम मागेल त्याला सरकारनें काम द्यावें, आणि त्याचा खर्च समाजाच्या वरच्या थरानें आपल्या उपभोगांत थोडी काटकसर करून सोसावा.

हे विचार पुस्तकांत असतांनाच दुष्काळ दाराशीं येऊन उभा राहिला. १९७०-७१ पासून लागोपाठ तीन वर्षें महाराष्ट्राच्या मोठ्या भागांत पिकें बुडालीं, आणि १९७२ चा दुष्काळ तर आजही खेड्यांतील वृद्ध माणसें "बहात्तरचा" एवढ्या एकाच शब्दानें ओळखतात. परदेशांतून आलेली तांबडी मिलो ज्वारी, मुलांना वांटलेली सुकडी, आणि रस्त्याच्या कडेला रांगेनें खडी फोडीत बसलेल्या बायका, हें चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून अजून हललेलें नाहीं. १९७३ च्या मे महिन्यांत दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या सुमारें ५० लाखांवर गेली. धान्य नव्हतें, पण हातांत मजुरी होती. आणि म्हणून एवढ्या भीषण दुष्काळांत भूकबळींचा तो डोंगर उभा राहिला नाहीं, जो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राहिला होता.

तेव्हां विधान परिषदेचे सभापति असलेले वि. स. पागे ह्यांनीं एक प्रश्न विचारला. पाऊस न पडलेल्या वर्षींच भूक लागते काय? भूमिहीन मजुराला तर दर उन्हाळ्यांत दुष्काळच असतो. सांगली जिल्ह्याच्या तासगांव तालुक्यांत त्यांनीं ह्या दृष्टीनें प्रयोगही करविले होते. त्यांच्या कल्पनेंतून आणि मुख्यमंत्री वसंतराव नाईक ह्यांच्या पाठिंब्यानें रोजगार हमी योजना १९७२ सालीं जाहीर झाली. दुष्काळ ओसरल्यावर ती पुन्हां जोमानें हातीं घेण्यांत आली. १९७७ च्या कायद्यानें तिला हक्काचें स्वरूप आलें, आणि तो कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलांत आला. खेड्यांतील कोणाही सज्ञान माणसानें अंगमेहनतीचें काम मागावें, सरकारनें तें पंधरा दिवसांत द्यावें, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा. सरकारच्या दारांत दान मागावयास नव्हे, तर काम मागावयास जाण्याचा हा हक्क होता.

पैसा कोठून आणावयाचा? येथें ती ओळ प्रवेश करते. १९७५ सालीं व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्या ह्यांवरील कराचा कायदा झाला. नोकरदार, डॉक्टर, वकील, व्यापारी ह्या सर्वांनीं दरसाल ठरावीक रक्कम द्यावयाची, आणि ती हमीच्या कामांसाठीं. त्याच्या जोडीला मोटारगाड्या, विक्री, बागाईत जमीन आणि शहरांतील बिगर-निवासी इमारती ह्यांवरही थोडथोडा भार बसला. आणि ह्या करांतून जेवढें जमेल तेवढीच भर राज्य सरकारनें आपल्या तिजोरींतून घालावयाची, असें ठरलें. मुंबईच्या कचेरींतला कारकून आणि मराठवाड्यांतल्या बंडिंगवर पाटी उचलणारी बाई ह्यांची कधीं गांठ पडावयाची नाहीं; पण एकाच्या पगारपत्रकावरून निघालेला दोरा दुसरीच्या हजेरीपटापर्यंत जाऊन पोहोंचला.

शहरानें हें कबूल कां केलें, असा प्रश्न कोणी विचारील. परोपकारबुद्धि त्यांत होती, हें खरें. पण शहाणपणही होतें. दुष्काळांत खेड्यांतून निघालेलीं कुटुंबें मुंबई-पुण्याच्या पदपथांवर येऊन पडलेलीं शहरानें पाहिलीं होतीं. गांवांतच काम मिळालें तर माणूस गांव सोडीत नाहीं, हें शहराला कळलें होतें. परोपकार आणि स्वार्थ ह्यांची वाट कधीं कधीं एकच असते, आणि अशा वाटेवर बांधलेला पूल टिकाऊ होतो.

ह्या खर्चाचा एक गुण असा कीं तो गरिबाला शोधीत फिरत नाहीं. गरीबच त्याच्याकडे येतो. रोख मदत वांटावयाची म्हटलें कीं दाखले आले, याद्या आल्या, आणि यादींत खऱ्या गरिबाऐवजीं पाटलाच्या पाहुण्याचें नांव आलें. पण भर उन्हांत दिवसभर माती खणून थोडकी मजुरी घ्यावयास पाटलाचा पाहुणा येत नाहीं. ज्याला गरज आहे तोच येतो, आणि ज्या दिवसांत शेतावर काम नाहीं त्याच दिवसांत येतो. अर्थशास्त्रज्ञ विचारतात कीं हमीच्या कामावर आलेला मजूर दुसरें कोणतें काम सोडून येतो, आणि मिळालेल्या मजुरींतून त्याची खरी कमाई किती? सोलापूर जिल्ह्यांतील शिरापूर आणि अकोला जिल्ह्यांतील कांझरा ह्या दोन गांवांचा ह्याच दृष्टीनें अभ्यास झाला, आणि असें दिसलें कीं सोडून दिलेली मिळकत मजुरीच्या मानानें लहान होती. बराच मोठा भाग निव्वळ लाभाचा होता. शिवाय स्त्री-पुरुषांस कामाच्या मापाप्रमाणें एकच दर. शेतावर बाईला पुरुषापेक्षां कमी मजुरी द्यावयाची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रूढि. तिला हमीच्या कामानें छेद दिला, आणि म्हणूनच ह्या कामांवर बायकांची संख्या एवढी मोठी राहिली.

परंतु मी आपणांस गुणगान ऐकविण्यासाठीं बसलेलों नाहीं. ह्या योजनेचे दोषही तितकेच बोधप्रद आहेत.

पहिला दोष उशिराचा. मजुरी आठवड्याला मिळावयाची ती महिन्यांनीं मिळाली, म्हणजे मधल्या काळांत किराणा उधारीवर आला, आणि उधारीवरचा भाव नेहमींच चढा असतो. सरकारी तिजोरींतून पूर्ण मजुरी निघाली तरी मजुराच्या घरीं ती अपुरी पोहोंचते. त्यांत हजेरीपटावर खोटीं नांवें चढविण्याचे प्रकार घडले, तेव्हां दोऱ्याचा धागाच मध्यें कुरतडला गेला.

दुसरा दोष फळाचा. पाझर तलाव बांधणाऱ्याला मजुरी मिळाली. पण तलावाचें पाणी कोणाच्या विहिरीला लागलें? ज्याची विहीर होती त्याच्या. १९९० पासून फळबागांची लागवडही ह्याच योजनेशीं जोडली गेली. कोंकणांत आंबा-काजू उभे राहिले, माळरानावर डाळिंबें लागलीं, हें कौतुकास्पदच आहे. पण बाग जमीनवाल्याची. भूमिहीनाचा संबंध खड्डा खणण्यापुरता. एकाच रुपयाच्या खर्चांतून आजची भाकरी एकाला आणि उद्यांची मिळकत दुसऱ्याला मिळते. असा खर्च गरिबांसाठीं झाला असें सरसकट म्हणतां येत नाहीं.

तिसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. १९८८ सालीं हमीची मजुरी किमान वेतनाशीं जोडली गेली आणि ती सुमारें दुप्पट झाली. मजुराला न्याय मिळाला, असेंच कोणीही म्हणेल. पण खर्चाची थैली त्या मानानें मोठी झाली नाहीं. आणि पुढच्या दोन वर्षांत कामाचे दिवस झपाट्यानें घटले. मार्टिन रॅव्हॅलियन व त्यांचे सहकारी ह्यांनीं ह्या काळाचा अभ्यास करून असा निष्कर्ष काढला कीं काम मागणाऱ्या सर्वांना तें मिळेनासें झालें. म्हणजे मजुरी वाढली आणि हमी पातळ झाली. देणाऱ्या हाताची उदारता घेणाऱ्या हाताच्या आवांक्याबाहेर गेली कीं वचन कागदावर राहतें.

चौथा दोष आपल्या ओळीचाच. ह्या कराची कमाल मर्यादा घटनेच्या २७६ व्या कलमानें बांधलेली आहे. आरंभीं ती वर्षाला २५० रुपये होती. १९८८ सालीं घटनादुरुस्तीनें ती २,५०० झाली, आणि तेथेंच थांबली. भाव वाढले, पगार वाढले, मर्यादा मात्र वाढली नाहीं. आतां हिशेब पाहा. दरमहा २५,००० रुपये मिळविणारा माणूस वर्षाच्या तीन लाखांतून २,५०० देतो, म्हणजे शंभर रुपयांमागें सुमारें ८३ पैसे. दरमहा पांच लाख मिळविणारा संचालक साठ लाखांतून तेवढेच २,५०० देतो, म्हणजे शंभर रुपयांमागें सुमारें ४ पैसे. गरिबांच्या नांवानें बसविलेल्या करांतच मिठाच्या कराचा आत्मा येऊन बसला आहे : सर्वांस सारखा, म्हणून लहानाला जड आणि मोठ्याला हलका.

आणि ह्या सर्वांवर कळस म्हणजे, ह्या करांतून जमलेला पैसा सगळाच हमीच्या कामांवर खर्च झाला असेंही नाहीं. अनेक वर्षीं जमा अधिक आणि खर्च कमी अशी स्थिति राहिली, आणि उरलेलें द्रव्य राज्याच्या सामान्य खर्चांत मिसळून गेलें. कर देणाऱ्यानें विचारलें नाहीं, आणि घेणाऱ्यानें सांगितलें नाहीं.

२००५ सालीं संसदेनें महाराष्ट्राचेंच तत्त्व उचलून सबंध देशासाठीं रोजगार हमीचा कायदा केला. २ फेब्रुवारी २००६ पासून तो २०० जिल्ह्यांत सुरू झाला आणि पुढें सर्व देशांत पसरला. त्यांत वर्षाच्या शंभर दिवसांच्या मजुरीचा खर्च केंद्रानें उचलला. महाराष्ट्राला ह्याचा अभिमान वाटावा. पण त्याचा एक परिणाम असा झाला कीं आपल्या ओळीचा आणि हजेरीपटाचा संबंध आणखीच सैल पडला. मग डिसेंबर २०२५ मध्यें संसदेनें त्या कायद्याच्या जागीं दुसरा कायदा मंजूर केला. त्यांत दिवस १२५ झाले, आणि महाराष्ट्रासारख्या बहुतेक राज्यांवर खर्चाचा शेंकडा ४० भार ठेवण्यांत आला. राज्याच्या तिजोरीला ह्या कामासाठीं स्वतःचा पैसा उभा करण्याचा प्रश्न, जो १९७५ सालीं होता, तो पुन्हां समोर आला आहे.

म्हणून, श्रोतेहो, ती ओळ आतां निरुपयोगी झाली असें समजूं नका. तिला आतांच अर्थ आहे. कर जास्त कीं कमी, एवढाच वाद आपण घालीत बसलों, तर आपण एकाच हाताकडे पाहत राहूं. विचारावयाचे प्रश्न तीन आहेत. हा पैसा कोणाकडून, त्याच्या ऐपतीच्या किती हिश्श्यानें घेतला? तो कोणाच्या हातीं, किती दिवसांनीं पोहोंचला? आणि देणें-घेणें संपल्यावर सर्वांत खालच्या घरांत महिन्याच्या अखेरीस पूर्वींपेक्षां अधिक उरलें कीं कमी? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें चांगलीं असूनही तिसऱ्याचें वाईट असूं शकतें, हें आपण त्या तीन घरांच्या वस्तींत पाहिलें. म्हणून शेवटीं तिसरा प्रश्न विचारल्यावांचून उठूं नये.

पुढच्या महिन्याचें पगारपत्रक हातीं येईल तेव्हां ती २०० रुपयांची ओळ एकवार वाचा, आणि घरांतील मुलांनाही दाखवा. तिच्या पलीकडच्या टोकाला कोणी एक बाई उन्हांत पाटी घेऊन उभी होती, आणि कामाची वाट पाहणारी बाई आजही आहे. आपण दिलेले पैसे तिच्यापर्यंत गेले काय, हें विचारण्याचा अधिकार आपणांस त्या ओळीनेंच दिलेला आहे. तो अधिकार आपण वापरला नाहीं, तर दोऱ्याचें आपल्या हातांतलें टोक आपणच सोडून दिल्यासारखें होईल.